एक पाय

सीटची उंची आठशे पंचेचाळीस मिलिमीटर.
माझी, चपलेसकट, पाच फूट दीड इंच.
टूलरूममध्ये मी दिवसभर शतांश मिलिमीटरसाठी माल परत पाठवते,
म्हणजे हे गणित जमत नाही
हे मला शोरूमच्या दारातच कळलं होतं.

तरी चढले.
सेल्सचा पोरगा म्हणाला, मॅडम, स्कूटर बघा ना,
डिकीत डबा राहतो, भाजीची पिशवी राहते.
मी हवेत लोंबणाऱ्या माझ्या दोन टाचा बघत होते
आणि त्या, कोण जाणे का, खुशीत होत्या.

महिनाभर वहीत दोन रकाने.
डावीकडे: गोडोली ते एमआयडीसी, जाऊन-येऊन अकरा किलोमीटर,
सहाच्या शिफ्टला कंपनीच्या बसमागे गिळायचा धूर,
पोवई नाक्याचं भुयार, पेट्रोलचा भाव, सोसायटीचा हप्ता.
उजवीकडे फक्त: चाळकेवाडी.
पुढे काय लिहावं सुचेना
म्हणून पेनानं एक पवनचक्की काढली
आणि पायथ्याशी मुरमाचा रस्ता, ठिपक्या-ठिपक्यांचा.

डावा रकाना सरळसरळ स्कूटरच्या बाजूचा होता.
विजयसिंग भावजी म्हणाले,
त्या गाडीत मागे बसणाऱ्याचा विचारच केलेला नाही.
म्हटलं, तेच तर.

करंज्याच्या सिकंदर मुलाण्यांनी जुनी शोधून दिली,
कोरेगावच्या एका तलाठ्याची, कंबर धरली म्हणून विकलेली.
टायरचं विचारलं, तर पान्हा पुसत म्हणाले,
ढेकळाच्या नक्षीचं घेशील तर डांबरावर घूं-घूं करून झिजंल,
गुळगुळीत घेशील तर शेणावर झोपंल.
निम्मं-निम्मं घे. दोन्हीकडं थोडं रडतं, पण चालतं.
आणि सीट? फोम तासून देऊ का?
दोन इंच उतरंल, पण खडकावर बूड शेकंल.
मी म्हटलं, पाय टेकत नाहीत हो.
ते म्हणाले, एक टेकला तरी बास.
दोन्ही टेकायचे तर ओट्यावर बस की.

आता गावातली प्रत्येक उंच कडा मला पाठ आहे:
बँकेपुढचा फूटपाथ, दवाखान्याची पायरी,
नाक्यावर कुणीतरी टाकून गेलेला सिमेंटचा ठोकळा.
चढावर थांबले की कंबर डावीकडे सरकवायची,
बोटांवर गाव तोलायचं,
मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे.

रविवारी ठोसेघर ओलांडून वर.
कासला नेत नाही. तिथे फुलं असतात,
त्यांना चाक म्हणजे चाक.
चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या कामाचे रस्ते आहेत,
जांभ्याचा चुरा, ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या,
आणि वारा असा की हेल्मेटात शीळ घुमते.
फूटपेगवर उभी राहिले की
उंची हा प्रश्नच उरत नाही.

तिसऱ्या रविवारी पडले.
दगड निसटला, एक पाय शोधायला गेला जमीन,
जमीन वीतभर खाली होती.
पडल्या-पडल्या बघितलं: पुढचं चाक फिरतंय,
त्याच्या मागे पातीही फिरतायत, त्यांना काही घाई नाही.
चौकीवरचा वॉचमन आला, दोघांनी मिळून गाडी उभी केली,
एकशे पंचावन्न किलो आणि एक मोडका इंडिकेटर.
कुठं निघाला होता?
कुठंच नाही.
मग पडायला एवढ्या लांब आलाय व्हय?
दोघंही हसलो. त्यानं बाटलीतलं पाणी दिलं, प्लास्टिकच्या वासाचं.

सोमवारी सहाला गेटावर कार्ड लावलं.
कोपराला चिकटपट्टी,
मडगार्डखाली लाल धूळ, पुसलेली नाही.
पहिलाच नग आला: तीन शतांश जास्त.
दोनदा मापला. तीन शतांशच.
थोडा वेळ हातात धरला, छान चकाकत होता,
मग शिक्का मारला. परत.